कार्डाच्या मशीनला कुंकू

माझ्या पहिल्या नोकरीला काय म्हणायचं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. माझ्यापुढं एक टेबल, त्यावर एक टेलिफोन आणि एक लोखंडी मशीन. मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, "ह्या आमच्या कार्डाच्या मॅडम." मालकांचे मेहुणे गल्ल्यावर बसायचे, ते मला पाठीमागं नुसतं 'कार्डवाली' म्हणायचे. आणि घरी माझी आई शेजारणींना सांगायची, "माझी पोरगी खुर्चीवर बसती." तिच्या लेखी नोकरीचा अर्थ तेवढाच. ती स्वतः दुसऱ्यांच्या पेरूच्या बागांमध्ये खुरपायला जायची आणि दुपारची भाकरीसुद्धा उकिडवं बसून खायची. मी बी.कॉम. झाले त्याचा तिला अभिमान होता, पण खुर्चीचा जास्त होता. ती खुर्ची जाऊ द्यायची नाही, एवढंच त्या वयात माझ्या डोक्यात होतं. पुढं जे काही झालं ते त्या एका हट्टापायी झालं.

दुकान साड्यांचं. राहात्यात, नगर-मनमाड रस्त्याला लागून. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं आणि शिर्डीला येणाऱ्या गाड्यांची तऱ्हा बदलली होती. मुंबईच्या, सुरतेच्या, हैदराबादच्या गाड्या दर्शन उरकून आमच्या रस्त्यानं परतायच्या. त्यांतल्या बायका पैठणी बघायला उतरायच्या, तासभर दुकान उलटंपालटं करून एखादी निवडायच्या आणि पर्समधून नोटांऐवजी प्लॅस्टिकचं कार्ड काढायच्या. मालक ते कार्ड दोन्ही बाजूंनी बघायचे आणि हसून परत द्यायचे. बाई पैठणी तिथंच टाकून गाडीत बसायची. असं दोन-चारदा झाल्यावर मालकांना चैन पडेना. त्यांनी नगरला जाऊन बँकेत अर्ज केला आणि मग दुकानात लग्नघरासारखी तयारी सुरू झाली.

अर्धी गादी उचलून तिथं काचेचं काउंटर आलं. नव्या ट्यूबलाइटी लागल्या. टेलिफोन होता, त्यावर एसटीडीची सोय करून घेतली. दाराच्या काचेवर बँकेनं दिलेला रंगीत स्टिकर चिकटवायला मालक स्वतः स्टुलावर चढले, आणि तो वाकडा लागला म्हणून दिवसभर हळहळत बसले. समोरचा भांडीवाला, पलीकडचा सोनार, सगळे येऊन बघून गेले. "आता काय बुवा, पैशाला हात लावायचं कामच न्हाई तुमाला," असं भांडीवाला म्हणाला, आणि मालक पानाचा तोबरा सांभाळत हसले.

मशीन आलं तेव्हा मात्र सगळ्यांचा हिरमोड झाला. सगळ्यांना वाटलं होतं, विजेवर चालणारं, दिवे लागणारं काहीतरी असेल. खोक्यातून निघाला तो पोळपाटाएवढा लोखंडी ठोकळा, वर सरकणारी एक मूठ. बँकेचा माणूस नगरहून शिकवायला आला होता. तरुण, टापटीप, बोलण्यात गोड. त्यानं दाखवलं. मशीनच्या एका कोपऱ्यात धातूची एक पट्टी कायमची बसवलेली, तिच्यावर उठावाच्या अक्षरांत दुकानाचं नाव आणि बँकेनं दिलेला नंबर. तिच्या शेजारच्या खाचेत गिऱ्हाइकाचं कार्ड ठेवायचं. वर कार्बनची तिहेरी स्लिप ठेवायची. मूठ इकडून तिकडं, तिकडून इकडं सरकवायची. खटक, खटक. कार्डावरची अक्षरं आणि पट्टीवरची अक्षरं स्लिपेवर उमटायची. मग गिऱ्हाइकाची सही, आणि स्लिप बँकेत. "पट्टीचा छाप स्वच्छ यायला हवा," तो म्हणाला. "त्या छापाच्या चौकटीत पेनानं एक रेघसुद्धा ओढायची नाही. ओढली तर स्लिप परत येते." हे त्यानं दोनदा सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं होतं, म्हणून मला ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नाही.

मला तिथं घेतलं ते इंग्रजीसाठी. मोठी खरेदी असली की मुंबईला फोन लावून कार्डाचा नंबर सांगायचा, पलीकडून होकार आणि एक आकडा मिळायचा, तो स्लिपेवर लिहायचा. पलीकडं इंग्रजीत बोलणारी बाई. मालकांचं इंग्रजी 'थँक्यू'पाशी संपायचं आणि मेहुणे फोनमध्ये इतके ओरडायचे की मुंबईपर्यंत तारेची गरज पडू नये. शेवटी मालकांनी आमच्या कॉलेजातल्या सरांना विचारलं आणि सरांनी माझं नाव सुचवलं.

मालकांनी मला दोनच प्रश्न विचारले. फोनवर बोलता येईल का, आणि राहायला कुठं. मी वस्तीचं नाव सांगितलं. आमच्या वस्तीचं नाव सांगितलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. मालक जरा थांबले. मेहुण्यांकडं बघितलं. मेहुणे खालच्या आवाजात काहीतरी बोलले, दोघांनी माना हलवल्या आणि मालक म्हणाले, "उद्यापासून ये." मला वाटलं, काळ बदललाय. घरी येऊन मी आईला तसंच सांगितलंही. शिकलेल्या माणसाला फसवायला फारसं काही लागत नाही, त्याला हवं असलेलं एक वाक्य पुरतं.

माझं टेबल दाराजवळ होतं. गल्ला मागं, देवाच्या तसबिरीखाली. मला वाटायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला मशीन दिसावं म्हणून मला दाराशी बसवलंय. गिऱ्हाइकांना मी दिसायचे आणि मलाही रस्ता दिसायचा. आई बाजाराच्या दिवशी मुद्दाम त्या रस्त्यानं जायची. आत यायची नाही, हात करायची नाही. नुसती चाल मंद करायची. मी खुर्चीत ताठ व्हायचे.

काम मला आवडत होतं, हे कबूल करते. चोरीला गेलेल्या कार्डांच्या नंबरांची एक बारीक अक्षरांची पुस्तिका बँकेकडून यायची. प्रत्येक कार्डाचा नंबर तिच्यात शोधायचा. मला त्याची इतकी सवय झाली की नंबर बघताच बोट बरोबर त्या पानावर जायचं. फोनवरच्या मुंबईच्या बाईशी माझी जवळजवळ ओळख झाली होती. मी मूठ सरकवली की दुकानातले सगळे माना वळवायचे. साड्या उलगडणारे जुने सेल्समन सुरुवातीला थट्टा करायचे, मग एकेक करून शिकवायला सांगू लागले. मी कुणाला शिकवलं नाही. खुर्ची जायची भीती.

एकदा सकाळी दुकान उघडताच पहिलंच गिऱ्हाईक कार्ड घेऊन आलं. दिवसाच्या पहिल्या विक्रीला आमच्याकडं भवानी म्हणतात. तो पैसा मालक दोन्ही हातांत घेतात, कपाळाला लावतात, तसबिरीला दाखवतात आणि मग गल्ल्यात टाकतात. त्या दिवशी मी स्लिप फाडून मालकांपुढं धरली. मालक बघतच राहिले. मेहुणे म्हणाले, "ह्या कागदाला काय कपाळ टेकवायचं? ही भवानी न्हाई. रोख येऊ द्या." एवढी भारी पैठणी विकली गेली तरी तासाभरानं कुणी अस्तराचं कापड घेऊन गेलं, तेव्हा त्या चार नोटा मालकांनी कपाळाला लावल्या. मला हसू आलं. सगळे हसले. मीही त्यात होते, कशावर हसतेय हे न कळता.

आणखी एक गोष्ट मला तेव्हाच दिसायला हवी होती. गिऱ्हाइकानं माझ्यापुढं नोटा धरल्या की मेहुणे गल्ल्यावरून आवाज द्यायचे, "इकडं, इकडं द्या." दर वेळी. मी म्हणायचे, रोखीचा हिशेब एका हातात राहावा म्हणून असेल. दुकानात तसं असतंच.

मग दसरा आला.

दसरा आमच्या घरी वेगळ्या अर्थानं असतो. त्या दिवशी माझ्या आजी-आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला होता. आजोबांनी घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले होते, आणि ती गोष्ट आई आम्हांला काल घडल्यासारखी सांगायची. मी शाळेत असताना कुठल्याशा पूजेचा प्रसाद खाल्ला म्हणून आईनं मला तोंड धुऊन यायला लावलं होतं. दसऱ्याला आम्ही पांढऱ्या साड्या नेसून विहारात जायचो. पण शिर्डीतही दसऱ्याला मोठी गर्दी, म्हणजे कार्डांचा दिवस. मालक म्हणाले, "त्या दिवशी सुट्टी मागू नकोस बाई. वर्षाचा धंदा हाय." आईला मी सांगितलं, संध्याकाळी येते. मी पांढरी साडी मात्र नेसून गेले.

दुकानात सकाळीच पूजेची मांडणी झाली होती. चौरंगावर कापड मोजायचा गज, कात्र्या, बिलाची पुस्तकं, आणि मधोमध माझं मशीन. त्याला झेंडूची माळ. मी चप्पल काढून आत पाऊल टाकणार, तेवढ्यात मेहुणे म्हणाले, "तू जरा बाहेर थांब. पूजा उरकू दे."

मी म्हटलं, "मी काही मधी येणार नाही, कडेला उभी राहते."

"थांब म्हणलं ना. उलीसा येळ लागंल."

सगळे सेल्समन आत होते. झाडलोट करणारी बाई आत होती. ती तर काउंटरला टेकून उभी होती. मी ओट्यावर सगळ्यांच्या चपलांमध्ये उभी राहिले आणि काचेतून बघत राहिले, त्या वाकड्या स्टिकरच्या शेजारून. रस्त्यावरून माणसं आपट्याची पानं घेऊन चालली होती. एक-दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी घड्याळात बघितल्यासारखं केलं.

मालकांनी गजाला हळद-कुंकू वाहिलं, कात्र्यांना वाहिलं. मग मशीनपाशी आले आणि कुंकू कुठं लावावं म्हणून अडले. मुठीला लावावं की अंगाला? मेहुण्यांनी बोट दाखवलं, "तिथं लावा, दुकानाचं नाव हाय तिथं." मालकांना ते पटलं. त्यांनी ताम्हनातल्या पाण्यात कुंकू कालवून बोटानं त्या पट्टीवर चांगलं ठसठशीत स्वस्तिक काढलं. वर हळद, वर अक्षता.

मी दारातून आवाज दिला, "मालक, पट्टीवर नका लावू, छाप उठणार नाही!" मालकांनी मागं न बघता हात हलवला. माशी हाकलतात तसा. मग आरती झाली. मग मला आत बोलावलं आणि माझ्या टेबलावर कागदावर एक पेढा ठेवला. बाकीच्यांच्या हातांवर दिला होता.

पहिलं कार्ड आलं तेव्हा काय झालं ते सांगायला नकोच. कार्डाचे आकडे स्वच्छ उमटले. दुकानाचं नाव आणि नंबर असायला हवा तिथं नुसता डाग. कुंकू वाळून अक्षरांच्या फटींत बसलं होतं. मी रुमाल काढून पट्टी पुसायला गेले तर मालक जवळजवळ ओरडलेच, "अगं अगं, काय करतीस! पूजा झाली हाय. आजच्या दिवस पुसायचं न्हाई."

"पण छाप उठत नाहीये. बँक स्लिप घेणार नाही."

"एक दिवसानं काय हुतंय? उद्या पूस."

गिऱ्हाईक उभं. बाहेर त्यांची गाडी हॉर्न देतेय. मागं आणखी दोघं कार्ड काढून उभे. मी पेन उचललं आणि त्या डागावर दुकानाचा नंबर हातानं लिहिला. बँकेच्या माणसानं दोनदा सांगितलेलं मला आठवत होतं. तरी लिहिला. पहिल्या स्लिपेला दोनदा विचार केला, तिसऱ्या स्लिपेपासून नाही. दिवसभरात सात-आठ स्लिपा मी अशाच भरल्या. ही चूक माझी होती. पण ती चूक करायची नाही असं ठरवलं असतं, तर आलेलं गिऱ्हाईक परत पाठवावं लागलं असतं. आणि वर्षाच्या धंद्याच्या दिवशी गिऱ्हाईक परत पाठवणारी कार्डवाली दुसऱ्या दिवशी घरी बसली असती.

दुपारी गर्दी अंगावर आली. मेहुणे गल्ला सोडून आतल्या बाजूला गठ्ठे काढायला गेले होते. एका बाईनं घाईघाईनं माझ्या हातात नोट कोंबली आणि सुटे मागितले. मी उठले, गल्ल्यापाशी गेले आणि खण ओढला. मेहुणे मागून आले ते हातातला गठ्ठा टाकूनच.

"ए! गल्ल्याला हात न्हाई लावायचा!"

मी म्हटलं, "सुटे हवेत त्यांना."

"मला सांगायचं. कार्ड-बिर्ड काय करायचं ती कर तू. म्हणून तर बसवली ना तुला तिथं. लक्ष्मीला हात न्हाई लागला पायजे, दसऱ्याच्या दिवशी तरी." मग त्यांनी तसबिरीखालच्या तांब्यातलं पाणी हातात घेऊन खणावर शिंपडलं. फार नाही, चार थेंब. गिऱ्हाईक बाई दुसरीकडं बघू लागली.

मी जागेवर येऊन बसले. डोकं सुन्न झालं होतं, पण विचार अगदी सरळ चालले होते. मला पहिल्या दिवशी त्या दोघांनी हलवलेल्या माना आठवल्या. दाराजवळचं टेबल. "इकडं, इकडं द्या." भवानी नसलेली स्लिप. कार्ड म्हणजे त्यांच्या दृष्टीनं पैसा नव्हताच. तो कागद होता, पैसा मागाहून बँकेतून यायचा, शुद्ध होऊन. म्हणून तो माझ्या हातून चालत होता. आजकाल लोक कौतुकानं सांगतात की फोन नुसता जवळ नेला की पैसे जातात, हाताला हात लागत नाही. मला त्याचं नवल वाटत नाही. हात न लागता पैसे कसे घ्यायचे याची तयारी राहात्यातल्या एका साडीच्या दुकानानं फार आधी केली होती आणि त्या सोयीचं नाव मी होते.

तरीही मी उठून गेले नाही. हे लिहिताना मला माझाच राग येतो. मी पुढच्या गिऱ्हाइकाचं कार्ड घेतलं, पुस्तिकेत नंबर शोधला, मुंबईच्या बाईला गोड आवाजात गुड आफ्टरनून म्हटलं. संध्याकाळी विहारात गेले तेव्हा वंदना होऊन गेली होती. आई चटया गुंडाळत होती.

दहा-बारा दिवसांनी बँकेचा तो तरुण माणूस स्वतः आला. हातात पाकीट. दसऱ्याच्या सगळ्या स्लिपा परत आल्या होत्या. छाप वाचता येत नाही आणि वर पेनानं लिहिलेलं आहे, म्हणून. आता नव्या स्लिपांवर त्या गिऱ्हाइकांच्या सह्या हव्या होत्या, आणि गिऱ्हाइकं सुरत-हैदराबादला आपापल्या घरी बसली होती. मालकांचा चेहरा उतरला. मेहुणे लगेच माझ्याकडं बघून म्हणाले, "मी म्हणलो हुतो, हिला जमायचं न्हाई."

बँकेच्या माणसानं मात्र मशीन ओढून घेतलं. पट्टीकडं बघितलं, बोटानं खरवडलं, नखावर आलेली लाल भुकटी उजेडात धरली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुसलं होतं, पण फटींतलं निघालं नव्हतं आणि त्यानंतर फारशी कार्डं आली नव्हती. त्यानं दात घासायचा जुना ब्रश आणि थोडं रॉकेल मागवलं, पट्टी घासली, एक कोरी स्लिप ठेवून मूठ सरकवली. नाव, नंबर, सगळं लख्ख.

तो हसायलाच लागला. "कुंकू! अहो, मशीनला कुंकू कुणी लावलं?"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती, समोरचा भांडीवाला येऊन उभा होता. मालकांची मान खाली गेली. त्यांनी एकदा मेहुण्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. ती नजर मी विसरलेले नाही. तिच्यात दरडावणं नव्हतं. अजिजी होती. आणि ते म्हणाले, "हिनं लावलं. बायकांना हौस असती."

मला आधी कळेचना की ते कुणाबद्दल बोलतायत.

"काय मॅडम," बँकेचा माणूस म्हणाला, "तुम्ही शिकलेल्या, तुम्हीसुद्धा?"

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मला तर आतसुद्धा घेतलं नव्हतं. पाच-सहा शब्दांचं वाक्य. झाडलोट करणारी बाई तिथंच होती, सेल्समन होते, सगळ्यांना माहीत होतं. ते सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. आणि मी माझ्या खुर्चीकडं बघत होते. खोटं वाटेल, पण मला त्या वेळी अपमान आठवला नाही, खणावर शिंपडलेलं पाणी आठवलं नाही. मला फक्त हे दिसलं की मी हो म्हटलं तर उद्या इथं बसेन आणि नाही म्हटलं तर बसणार नाही.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

बँकेचा माणूस समजूतदारपणे हसला, पुन्हा असं करू नका म्हणाला आणि चहा पिऊन गेला. त्या दुकानात पूजेचा मान मला एवढाच मिळाला. मालकांनी नंतर मला एका शब्दानं बोल लावला नाही. उलट संध्याकाळी निघताना त्यांनी एक बऱ्यापैकी साडी कागदात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवली. दिवाळीला अजून आठवडा होता आणि बाकी कुणाला काही मिळालं नव्हतं. मी ती घेतली. घरी आल्यावर पेटीच्या तळाशी टाकली, नेसले कधीच नाही, टाकूनही दिली नाही.

गोष्ट तिथं थांबली असती. पण मेहुण्यांना हसवायला विषय हवा असायचा. दुकानात जो येईल त्याला ते सांगू लागले, "आमच्या कार्डवालीनं मशीनची पूजा बांधली!" लोक हसायचे. मीही हसायचे. दहाव्यांदा हसायला लागलं की चेहऱ्याला ते जमून जातं. ही गोष्ट बाजारभर झाली आणि बाजाराच्या दिवशी आईच्या कानावर गेली.

ती आली तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. डोक्यावरची पाटी उतरवून ती दारातच बसली. पाणी मागितलं नाही.

"तू दुकानात पूजा केली म्हनं. हळद-कुंकू लावून."

मी भाकरी थापत राहिले. आता ती भडकणार हे मला माहीत होतं. नदीत सोडलेल्या देवांची टोपली आता निघणार होती, आजोबा निघणार होते, आणि ते सगळं मी ऐकून घेणार होते कारण मला ते हवंच होतं. कुणीतरी मला खडसवायला हवं होतं. खरं सांगायचं तर एकच वाक्य पुरलं असतं. नाही केली. पण त्याच्यामागून तिचा प्रश्न आला असता, मग तू कुठं होतीस? आणि मला सांगावं लागलं असतं की तुझी खुर्चीवरची पोरगी दसऱ्याच्या दिवशी, पांढरी साडी नेसून, ओट्यावर चपलांमध्ये उभी होती.

"केली," मी म्हणाले.

मी मान वर केली नाही.

"मंग आत घेतलं हुतं तुला?" तिनं विचारलं. "समद्यांच्या संगं?"

"हो."

"मालकाच्या शेजारी?"

"हो, शेजारी."

मी वर बघितलं. मला वाटलं होतं तिचे डोळे लाल असतील. ती माझ्याकडं बघत होती आणि तिच्या तोंडावर राग कुठंही नव्हता. आयुष्यभर देवाच्या नावानं पाणीसुद्धा न प्यालेली माझी आई पदरानं तोंड पुसत होती, आणि पदराआड ती खुशीत होती.

"बरं झालं," ती म्हणाली. "आत तर घेतलं."